पाच मुलांवर पीएचडी होते का?

पत्र असं आहे:

"मी आठ वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे. वर्गात पाच मुलं आहेत, दोघं ऑटिस्टिक, दोघांना बौद्धिक अक्षमता, एकीला सेरेब्रल पाल्सी. मास्टर्स झालंय. वर्षभर डोक्यात पीएचडीचं घोळतंय पण घरचे म्हणतात चौतिसाव्या वर्षी कशाला, शाळेतल्या म्हणतात मुलांना सोडून पेपर लिहीत बसणार का. एका प्रोफेसरांना भेटले तर ते म्हणाले पाच मुलांवर रिसर्च होत नाही, निदान दोनशेचं सॅम्पल पाहिजे. स्टॅटिस्टिक्स माझं कच्चं आहे. आणि एवढं करून नोकरी मिळेल का? काय करू? – वर्ग सोडवत नाही अशी एक शिक्षिका"

प्रिय मैत्रिणी,

तुला तू म्हणतेय, वयाने मोठी आहे म्हणून चालवून घे. मी पण नऊ वर्षं वर्गात होते, मग पीएचडी केली, आता विद्यापीठात शिक्षक घडवायचं काम करते, त्यामुळे तुझं पत्र वाचताना बऱ्याच ठिकाणी माझंच जुनं पत्र वाचतेय असं वाटलं. सगळ्यात आधी त्या दोनशेच्या सॅम्पलचं बोलू, कारण मला वाटतं बाकीची सगळी भीती त्या एका वाक्यातून आलीय.

ते सर बहुतेक सर्वेक्षण करणाऱ्यांपैकी असतील, त्यांच्या कामात दोनशे लागतातच. पण आपल्या क्षेत्रात मोजक्या मुलांवर संशोधन करायची स्वतंत्र पद्धत आहे आणि ती काही कालची नाही. तिला सिंगल-केस डिझाइन म्हणतात. १९६८ मधे बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी वर्तन-विश्लेषणाच्या एका नव्या जर्नलच्या पहिल्याच वर्षी एक पेपर लिहिला, त्यात मल्टिपल बेसलाइन नावाची रचना मांडली होती आणि आज स्पेशल एज्युकेशनमधले कितीतरी अभ्यास त्याच रचनेवर उभे आहेत. तीन मुलं, चार मुलं, कधी पाच. तुझ्या वर्गाएवढीच.

रचना सोपी करून सांगते. समज तुझ्या तीन मुलांना चित्राचं कार्ड देऊन वस्तू मागायला शिकवायचंय. आधी काही न शिकवता नुसतं मोजायचं, रोज किती वेळा स्वतःहून मागतात, ही झाली बेसलाइन. मग पहिल्या मुलाला शिकवायला सुरुवात करायची आणि बाकी दोघांचं नुसतं मोजणं चालू ठेवायचं. पहिल्याचा आलेख वर गेला आणि दुसऱ्या दोघांचा जागेवरच राहिला, मग काही दिवसांनी दुसऱ्याला शिकवायला घेतल्यावरच त्याचा वर गेला, मग तिसऱ्याचं तसंच झालं, तर बदल तुझ्या शिकवण्यानेच झाला असं म्हणायला आधार मिळतो, कारण नुसतं वय वाढल्यामुळे किंवा नवीन वर्ग मिळाल्यामुळे झालं असतं तर तिघांचेही आलेख एकदमच हलले असते. असा परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे असा दंडक आहे. आणि निदान २० टक्के सत्रांमधे दुसऱ्या कुणीतरी शेजारी बसून स्वतंत्र मोजायचं आणि दोघांचे आकडे निदान ८० टक्के जुळले पाहिजेत. अशा अभ्यासांवरून एखादी पद्धत पुराव्यानिशी सिद्ध झाली असं कधी म्हणायचं याचे निकष हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मधे दिले: निदान पाच अभ्यास, तीन वेगळ्या ठिकाणच्या तीन वेगळ्या टीम, आणि सगळे मिळून निदान २० मुलं. दोनशे कुठेच नाहीत बघ.

आणि यात एक खोल कारण पण आहे जे मला मनापासून पटतं. आपली मुलं एकमेकांसारखी नसतात. दोन ऑटिस्टिक मुलांमधे एक सलग बोलणारा आणि एक अजिबात न बोलणारा असू शकतो, त्यांची सरासरी काढली तर ती सरासरी कुठल्याच मुलाची नसते. सिंगल-केसमधे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

एक इशारा मात्र देते. याला केस स्टडी समजू नकोस, त्यात फार लोक फसतात. "मी सहा महिने हे केलं आणि मुलगा सुधारला" हे लिहिणं म्हणजे सिंगल-केस नव्हे, त्यात बेसलाइन नाही, तुलना नाही, सहा महिन्यात मूल तसंही मोठं झालेलं असतं. आणि तुझा प्रश्न जर "एखाद्या भागात किती मुलांना वाचन-अक्षमता आहे" असा असेल तर तिथे पाच मुलं खरंच पुरत नाहीत, दोनशेही कमीच पडतील, तिथे त्या सरांचं ऐक. पद्धत प्रश्नावरून ठरते.

स्टॅटिस्टिक्स. सिंगल-केसमधे मुख्य काम आलेख वाचायचं असतं, पातळी किती, कल वर की खाली, चढउतार किती, आणि हे तू आयईपीच्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वेगळ्या शिक्षण-आराखड्याच्या वेळी आठ वर्षं करतेच आहेस. पण म्हणून स्टॅटिस्टिक्स टाळू नको. आता या अभ्यासांमधेही इफेक्ट साइझ, म्हणजे बदल किती मोठा झाला त्याचा आकडा, मागतात, शिवाय दुसऱ्यांचे पेपर वाचून हे पटण्यासारखं आहे की नाही ते ठरवायला ते लागतंच. एखादा बेसिक कोर्स आत्ताच कर, प्रवेश मिळायची वाट बघू नको. मी तिसऱ्या वर्षी शिकले आणि तोवर निम्मे पेपर नुसता निष्कर्ष वाचून बाजूला ठेवत होते, ते सगळे परत वाचायला लागले.

आता शाळेतल्या बाई काय म्हणाल्या, "मुलांना सोडून पेपर लिहीत बसणार का". याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय.

फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन ऐकलं असशील. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मोठ्या माणसाने धरायचं आणि मूल कीबोर्डवर टाइप करणार. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हे सुरू झालं, १९९० च्या आसपास अमेरिकेत गेलं आणि मग भराभर पसरलं. आईवडिलांना मुलाचं पहिलं वाक्य वाचायला मिळत होतं, विचार कर काय वाटत असेल त्यांना. शिक्षक, थेरपिस्ट सगळे मनापासून करत होते, कुणी फसवायला बसलेलं नव्हतं. मग १९९३ मधे व्हीलर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, १२ जणांवरचा. केलं काय, तर टाइप करणाऱ्याला एक चित्र दाखवायचं आणि हात धरणाऱ्याला कधी तेच तर कधी वेगळंच, एकमेकांचं दिसणार नाही अशी सोय करून. चित्रं वेगळी असताना टाइप करणाऱ्याने बघितलेल्या चित्राचं नाव एकदाही टाइप झालं नाही. झालं ते हात धरणाऱ्याने बघितलेल्या चित्राचं. म्हणजे शब्द टाइप करणाऱ्याचे नव्हतेच, हात धरणाऱ्याचे होते आणि हात धरणाऱ्याला स्वतःलाही ते कळत नव्हतं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टच्या संघटनेने १९९४ मधे आणि परत २०१८ मधे याच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली, तरी ते अजून पूर्ण थांबलेलं नाही.

मला हे दरवेळी हलवून जातं, कारण ती चूक मी पण केली असती. आपण त्या मुलावर माया करतो, त्याने बोलावं म्हणून जीव तुटतो, आणि नेमकं म्हणूनच आपल्याला नसलेलं दिसायला लागतं. बारा माणसांवरच्या त्या एका नीट आखलेल्या अभ्यासाने कितीतरी मुलांना दुसऱ्याच्या तोंडचे शब्द स्वतःच्या नावावर लागण्यापासून वाचवलं असेल. तेव्हा शाळेतल्या बाईंना सांग, पेपर लिहिणं हे पण मुलांचंच काम आहे, आणि ते वर्ग माहीत असलेल्या माणसाने केलं तर जास्त चांगलं होतं.

माझा स्वतःचा प्रश्न कुठून आला ते सांगते. माझ्या वर्गात सात वर्षांचा एक मुलगा होता, बोलायचा नाही. आम्ही त्याला कार्ड देऊन मागायला शिकवत होतो आणि डेटा शीटवर दोनच खुणा होत्या, दिलं तर अधिक, नाही दिलं तर उणे. एका कार्डावर, बॉलच्या, ओळीने उणे येत होते, तीन आठवडे. आमच्या मदतनीस ताई एक दिवस म्हणाल्या की तो ते कार्ड रोज चटईखाली सरकवतो, तुम्ही बघितलं नाही का? चटई उचलली तर खाली बॉलचं कार्ड, कोपरा दुमडलेला. बाकीची कार्डं टेबलावर जागच्या जागी. म्हणजे पोरगा तीन आठवडे सांगत होता की मला बॉल नको, आणि आमच्या शीटवर ते लिहायला जागाच नव्हती म्हणून आम्ही ते नापासात धरत होतो. न बोलणारं मूल "नको" कसं म्हणतं आणि शिक्षकाला ते किती वेळा कळतं, यावर माझी पीएचडी झाली. आज संशोधनात मुलाची संमती घ्यायची चर्चा होते, पालकांनी सही केली तरी मुलाने तोंड फिरवलं, वस्तू ढकलली, उठून गेला तर त्याला नकार मानून थांबायचं, तेव्हा मला ती चटईच आठवते.

तुझ्याकडे आठ वर्षांच्या वह्या आहेत. त्यात असं काहीतरी नक्की आहे जे शीटमधे बसलं नाही, जे तू समासात लिहून ठेवलंस. विषय तिथे शोध. आधी डिग्री, मग गाईड, मग विषय, असा जो क्रम लोक लावतात तो मला उलटा वाटतो, प्रश्न हातात असेल तर गाईड पण नीट शोधता येतो.

गाईडबद्दल मी ठेच खाऊन शिकले आहे म्हणून लिहिते. मी पहिल्यांदा जिथे प्रवेश घेतला तिथे नाव मोठं होतं पण माझ्या गाईडनी दिव्यांग मुलांबरोबर कधी काम केलेलं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांना हेच समजावत बसले की माझ्या मुलांना लेखी प्रश्नावली का देता येणार नाही. शेवटी विषय गुंडाळला, दुसरीकडे गेले, नव्याने सुरुवात केली. ती दोन वर्षं परत आली नाहीत. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाआधी माणूस बघ. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ, त्यात मुलं दिसतात का की नुसत्या शिक्षकांच्या प्रश्नावल्या आहेत ते बघ, विद्यार्थ्यांची नावं पहिल्या लेखकाच्या जागी येतात का बघ, आणि त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या एकदोघांना सरळ विचार की मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचा. हा प्रश्न विचारायला लाजू नको, पुढची चारपाच वर्षं त्यावर अवलंबून आहेत. पहिला मेल दहा ओळींचा कर, त्यात तुझी आठ वर्षं एका ओळीत, प्रश्न तीन ओळीत, आणि त्यांचा कुठला पेपर वाचून त्यांनाच का लिहिते आहेस ते. "मला तुमच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायची तीव्र इच्छा आहे" असले मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात.

पैशाचं पण स्पष्ट बोलते. शक्यतो फंडिंगशिवाय पीएचडी धरू नकोस. देशादेशाप्रमाणे पद्धत फार वेगळी आहे. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स इकडे पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, पगार मिळतो, ओस्लो विद्यापीठात तर स्पेशल नीड्स एज्युकेशनचा वेगळा विभागच आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट, कॅन्सस अशा ठिकाणी मोठे स्पेशल एज्युकेशन विभाग आहेत आणि तिथलं सरकार डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी विभागांना खास ग्रँट देत आलंय, कारण शिक्षक तयार करणारे प्राध्यापकच कमी पडतात. पण २०२५ मधे तिथल्या शिक्षण खात्याच्या संशोधन शाखेची बरीच कंत्राटं अचानक रद्द झाली, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणाला काय मिळालं यावर जाऊ नको, यंदाचं लेखी विचार. आणि गावातल्या गावात, नोकरी सांभाळून पार्ट टाइम पण होतं, वेळ जास्त लागतो पण वर्ग सुटत नाही, तुझ्यासारखीला तेच जास्त मानवेल असं मला पत्रावरून वाटलं.

संधी कुठे आहेत म्हणशील तर मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती भाषेची. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-अक्षमतेचं, बहुतेक संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालंय आणि इंग्रजी स्पेलिंग इतकं बेभरवशाचं आहे की तिथल्या गोष्टी दुसऱ्या भाषेला जशाच्या तशा लागू होत नाहीत. २००१ मधे पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचणाऱ्या डिस्लेक्सिक तरुणांची तुलना केली. मेंदूत कमी काम करणारा भाग तिघांचा तोच निघाला, पण इटालियनवाले बाकी दोघांपेक्षा चांगलं वाचत होते, कारण इटालियन जसं लिहितात तसं वाचतात. मग आपल्या लिपीचं काय? आपण तर क, का, कि, क्य, र्क असं अक्षर धरून वाचतो, वर वेलांटी, खाली उकार, आणि पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी. सोनाली नाग यांनी २००७ मधे कन्नड वाचणाऱ्या मुलांवर दाखवलं की अक्षरं पूर्ण हातात यायला इंग्रजीच्या २६ अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात, चौथीपर्यंतही चालूच असतं. तर मग दुसरीतलं मूल जोडाक्षरावर अडकलं तर ते अजून शिकतंय की त्याला मदतीची गरज आहे, हे कशावरून ठरवायचं? इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून तर नक्कीच नाही. इथे मराठी उत्तम येणारं आणि वर्गात बसून मुलाचं वाचन ऐकलेलं माणूस पाहिजे.

बाकीचे विषय पण आहेत. मुलींमधला ऑटिझम बघ, पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी म्हणायचे, २०१७ मधे लूम्स वगैरेंनी अभ्यास एकत्र करून पाहिलं तर चांगल्या दर्जाच्या अभ्यासांत प्रमाण तीनाला एकच्या जवळ आलं, म्हणजे मुली निदानातून सुटतायत. शाळा संपल्यावर ही मुलं कुठे जातात, अठरा वर्षांनंतर. एकाहून जास्त अक्षमता असलेली मुलं, ज्यांना बहुतेक अभ्यासांतून आधीच वगळतात कारण मोजणं अवघड जातं. आणि पुराव्याने सिद्ध झालेली पद्धत वर्गात का टिकत नाही, हे तर वर्गातलाच माणूस सांगू शकेल.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा कुठेच भरपूर नाहीत आणि पीएचडी झाली की खुर्ची तयार असते असं समजून येऊ नकोस. पण आपल्या क्षेत्रात वर्गातली वर्षं मोजली जातात, कितीतरी जाहिरातींमधे दिव्यांग मुलांना प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव अटच असते, तिथे तुझी आठ वर्षं तुझ्या बाजूने बोलतील. शिवाय प्राध्यापकी म्हणजे सगळं नव्हे, चाचण्या तयार करणाऱ्या संस्था, बोलण्याला पर्याय देणारी उपकरणं आणि अ‍ॅप बनवणाऱ्या टीम, शिक्षक-प्रशिक्षण, धोरणाचं काम, आणि संशोधन करत शाळेतच राहणं, हे सगळं होतं. माझ्या ओळखीतली एक पीएचडी करून परत रिसोर्स रूममधे, म्हणजे शाळेतल्या दिव्यांग मुलांना वेगळी मदत देतात त्या खोलीत, गेली आणि तिथून दरवर्षी एक अभ्यास करते, मला तिचा फार आदर वाटतो.

वयाचं विचारलंस. चौतीस काहीच नाही, माझी सुरुवात अडतिसाव्या वर्षी झाली.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव, ही चूक फार महागात पडते. वहीतल्या जुन्या नोंदी प्रश्न सुचायला वापर, पण त्याच नोंदी उचलून डेटा म्हणून छापता येत नाहीत. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, पालकांची लेखी संमती आधी, मग मोजणं. आणि मुलांचे व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस, शिकवण्यासाठी म्हणूनसुद्धा.

तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत एवढंच कर. वह्या काढून समासातल्या नोंदी वाच, त्यातला एक प्रश्न निवड, त्यावर आधी झालेल्या अभ्यासांचा एक चांगला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शोधून पेन घेऊन वाच आणि त्याच्या शेवटी "यावर अजून अभ्यास हवा" असं जिथे लिहिलेलं असतं तिथे तुझा प्रश्न बसतो का बघ. मग तीन जणांना मेल. पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवलास तरी चालेल. आणि उद्या वर्गात गेलीस की डेटा शीटवर अधिक आणि उणेच्या शेजारी एक तिसरा रकाना आख, "वेगळंच काहीतरी केलं" असा, आणि महिनाभर तो भरत जा.